प्रिंटचा कागद वळू नये म्हणून : सोलापुरात कशावर खर्च करावा, कशावर करू नये

एप्रिलमध्ये संध्याकाळी दुकानातून काढून आणलेलं रंगीत पान सकाळी टेबलावर गोल नळी होऊन पडलेलं असतं. दुकानदार कागदाला दोष देतो, कागदवाला शाईला, शाईवाला प्रिंटरला. या फेऱ्यात गिऱ्हाईक पुन्हा प्रिंट काढतं, वर लॅमिनेशनचे पैसे भरतं, आणि आठवड्याभरात लॅमिनेशनसकट पान पुन्हा वाकतं.

तिघांचंही थोडंथोडं खरं असतं, पण मूळ कारण एकच आहे. कागदाच्या दोन बाजूंनी कमी-जास्त पाणी घेतलं किंवा सोडलं की कागद वळतो. तेव्हा कागद वळू नये म्हणून कोणी काहीही विकायला आलं, तर एकच प्रश्न विचारायचा : याने कागदाच्या दोन्ही बाजू सारख्या होतात का? उत्तर ‘हो’ असेल तर पैसे द्यावेत. या कसोटीवर पाहिलं तर निम्म्याहून अधिक उपाय फुकटातले निघतात.

खाली दिलेले दर किरकोळ बाजारातल्या साधारण पट्ट्याचे आहेत. ब्रँड, पुडक्याचा आकार आणि दुकान यांप्रमाणे ते वर-खाली होतील. खरेदीला जाताना अंदाज असावा, एवढाच त्यांचा उपयोग.

एका पानाचा हिशेब

७५ जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाचा) ए-४ कागद सुमारे ४.७ ग्रॅम भरतो. त्यात मुळातच पाच टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो, म्हणजे पाव ग्रॅमला थोडं कमी पाणी. आता त्यावर पानभर गडद चित्र छापलं आणि दर चौरस मीटरला दहा मिलिलिटर शाई पडली असं धरलं, तर एका पानावर ०.६ मिलिलिटर शाई बसते. इंकजेटच्या शाईत सर्वांत मोठा वाटा पाण्याचा असतो. तो सत्तर टक्के धरला तरी कागदात आधी होतं त्याच्या जवळजवळ दुप्पट पाणी आपण क्षणात त्यावर ओततो, आणि तेही एकाच बाजूने.

साध्या मजकुराच्या पानाची गोष्ट वेगळी. एप्सनच्या ००३ मालिकेतली काळ्या शाईची ६५ मिलिलिटरची बाटली ४,५०० पानं छापते, असा कंपनीचा दावा आहे. म्हणजे एका पानाला ०.०१५ मिलिलिटरही शाई लागत नाही. पानभर चित्राला तिच्या चाळीसपट लागते. म्हणूनच शंभर पानांच्या अहवालातली मजकुराची पानं सरळ राहतात आणि नेमके रंगीत आलेख वळतात.

पाणी शोषल्यावर कागदातले तंतू फुगतात; लांबीत नाममात्र, जाडीत भरपूर. त्यामुळे छापल्या छापल्या ओली बाजू पसरते आणि कडा मागच्या बाजूला झुकतात. हा बाक फारसा टिकत नाही. खरा त्रास पान वाळताना सुरू होतो. गिरणीत कागद ताणून वाळवलेला असतो. शाईच्या पाण्याने तो ताण छापलेल्या बाजूपुरता सुटतो, आणि वाळताना ती बाजू पूर्वीपेक्षाही जास्त आखडते. मग कडा छापलेल्या बाजूकडे उचलतात. वाळवणातल्या पापडाची वरची बाजू आधी वाळली की कडा वर येतात, तसंच हे. हे आखडणं काही तासांपासून काही दिवसांपर्यंत चालू राहतं. म्हणून दुकानात सरळ दिसलेलं पान घरी येऊन वळतं.

कागद कोणत्या दिशेने वळणार, तेही आधी कळू शकतं. गिरणीतून निघताना बहुतेक तंतू एका दिशेला लागलेले असतात. छपाईवाले याला ‘ग्रेन’ म्हणतात. कागद साधारणपणे ग्रेनला समांतर नळी करतो. पुडक्यातला एक तुकडा घेऊन त्याच्या एकाच बाजूला ओलं बोट फिरवा. तो ज्या आसाभोवती वळेल, ती ग्रेनची दिशा. घडीचं कार्ड छापायचं असेल तर घडी ग्रेनला समांतर यायला हवी, नाहीतर कार्ड वाकतं आणि घडीवर तडकतंही. या चाचणीला पैसे लागत नाहीत.

आधी फुकटचे उपाय

कागदाचा प्रकार बरोबर निवडा. साधा कागद घालून प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ‘फोटो पेपर’ निवडला की प्रिंटर कितीतरी जास्त शाई ओततो. साध्या कागदाला ती शाई पेलत नाही. ‘प्लेन पेपर’ आणि ‘स्टँडर्ड’ दर्जा निवडला की शाईही वाचते, वळणंही कमी होतं.

गडद पार्श्वभूमी काढा. काळ्या-निळ्या पार्श्वभूमीच्या स्लाइड तशाच छापणं म्हणजे पान वळायची पुरती सोय करणं. पार्श्वभूमी पांढरी केली की शाईचा मोठा भाग वाचतो. पानभर चित्र अटळ असेल तर चारही बाजूंनी पांढरी पट्टी सोडा. कोरड्या कडा पानाला धरून ठेवतात.

शक्य तिथे दोन्ही बाजूंना छापा. पाठपोट छपाईत दोन्ही बाजूंना साधारण सारखी शाई बसली तर ओढ दोन्हीकडून सारखी राहते. मात्र पहिली बाजू नीट वाळू द्या. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये वाळवण्याचा वेळ वाढवण्याची सोय असेल तर ती वापरा.

पंखा बंद ठेवा. उन्हात किंवा पूर्ण वेगाच्या पंख्याखाली प्रिंट पसरली की वरची बाजू भरभर वाळते आणि खालची मागे राहते. प्रिंट सपाट जागी पंधरा मिनिटं उघडी ठेवा. मग प्रत्येक प्रिंटवर एक कोरा साधा कागद ठेवून थप्पी लावा आणि वर वजन ठेवून एक दिवस तशीच राहू द्या. कोरे कागद ओल शोषतात आणि दोन्ही बाजू हळूहळू एका पातळीवर येतात.

एवढं केल्यावरही पान वळत असेल, तरच पुढच्या खर्चाकडे वळावं.

विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट अहवाल : जादा खर्च दहा-वीस रुपये

अशोक चौकातली वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी असो की केगावचं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ, अहवाल देण्याचे दिवस बहुधा मार्च ते मे या कोरड्या काळातच येतात. डीटीपीच्या दुकानात गर्दी असते, प्रिंट गरम-गरम बायंडिंगला जाते, आणि परीक्षकांपुढे उघडलेली फाइल मिटायलाच तयार नसते.

इथे जाड कागद उपयोगी पडतो, पण सगळ्या अहवालाला नाही. ७५ जीएसएमचं ५०० पानांचं रीम साधारण २५० ते ३५० रुपयांना मिळतं. म्हणजे पानाला साठ-पासष्ट पैसे. १०० जीएसएमचं रीम ४५० ते ६५० रुपयांत, म्हणजे पानाला रुपया-सव्वा रुपया. कागदाचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. एकाच जातीचा कागद ७५ ऐवजी १०० जीएसएमचा घेतला तर जाडी तिसऱ्या हिश्शाने वाढते, पण ताठपणा जवळजवळ अडीचपट होतो. अहवालात वीस रंगीत पानं असतील तर तेवढीच १०० जीएसएमवर घ्या. जादा खर्च दहा-बारा रुपये.

लेझर प्रिंटरच्या टोनरमध्ये पाणी नसतं. तिथेही कागद वाकतो, पण तो उष्णतेने ओल उडाल्यामुळे, आणि बहुधा काही तासांत बराचसा सरळ होतो. त्यामुळे गडद रंगाची पानं कलर लेझरवर काढायची सोय असेल तर पानाला १० ते २० रुपये देणं परवडतं. इंकजेटवर तेच पान १० रुपयांत पडलं आणि दोनदा काढावं लागलं, तर बचत काहीच झाली नाही.

बायंडिंगवाल्याला एक गोष्ट सांगा : प्रिंट आज, बायंडिंग उद्या. ओलसर पानं स्पायरलमध्ये अडकली की वाळताना त्यांना सरळ व्हायला जागा उरत नाही.

घरचे फोटो : स्वस्त ग्लॉसी महाग पडतो

जास्तीत जास्त फसगत याच खरेदीत होते. ‘१८० जीएसएम ग्लॉसी’ असं लिहिलेलं पुडकं पानाला ३ ते ६ रुपयांत मिळतं. ‘आरसी’ म्हणजे रेझिन कोटेड फोटो पेपरचं, २६०-२७० जीएसएमचं पान १२ ते २५ रुपयांना पडतं. दुकानदार दोन्हींना ‘फोटो पेपर’च म्हणतो. फरक जीएसएमपेक्षा बनावटीत आहे.

स्वस्त ग्लॉसीत साध्या जाड कागदावर एकाच बाजूने चकचकीत थर दिलेला असतो. मागची बाजू उघडा कागद. ती हवेतली ओल मोकळेपणाने घेते-सोडते आणि पुढचा थर आपल्या चालीने आखडतो-पसरतो. छापायच्या आधीच दोन्ही बाजू सारख्या नसतात. म्हणून असा कोरा कागदसुद्धा पुडक्याबाहेर काढल्यावर सोलापूरच्या उन्हाळ्यात कमानीसारखा होतो. आरसी कागदात मधल्या कागदाला दोन्ही बाजूंनी पॉलिथिनचं आवरण असतं, आणि चांगल्या प्रतीत मागच्या बाजूला वळण रोखणारा वेगळा थरही असतो. शाईचं पाणी वरच्या थरातच राहतं, आतल्या तंतूंपर्यंत पोचत नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. मागच्या बाजूवर पाण्याचा एक थेंब टाका. साध्या कागदावर तो काही वेळात शोषला जातो, आरसीवर तसाच उभा राहतो. कागद फाडून पाहिला तर आरसीच्या कडेला प्लॅस्टिकचा पातळ पदर सुटलेला दिसतो. पूर्ण पुडकं घेण्याआधी दुकानदाराकडून एखादं सुटं पान मागून ही चाचणी करा.

हिशेब असा. भिंतीवर लावायचे वीस ए-४ फोटो काढायचे आहेत. स्वस्त कागदाचे १०० रुपये, आरसीचे ३५०. फरक अडीचशेचा. पण पानभर फोटोला कंपनीची शाई धरली तर तीन-चार रुपयांची शाई जाते. पाच-सहा फोटो वळून फेकावे लागले की शाई, कागद आणि वेळ मिळून ही बचत घटत जाते. उलट शाळेच्या तक्त्यावर चिकटवून आठवड्यात काढून टाकायचा फोटो असेल, तर स्वस्त कागद पुरेसा आहे. तो चहूबाजूंनी चिकटवला की वळायचा प्रश्नच राहत नाही.

नेहमीच्या आकाराचे शंभर-दोनशे फोटो हवे असतील तर घरी छापूच नयेत. फोटो लॅबमध्ये ४×६ इंचाचा फोटो साधारण ५ ते १५ रुपयांत होतो. तो बहुधा शाईने छापलेला नसतो, प्रकाशसंवेदी आरसी कागदावर रसायनांनी धुतलेला असतो, त्यामुळे शाईच्या पाण्याचा संबंधच येत नाही.

फ्रेम करताना दोन गोष्टी सांभाळा. प्रिंट किमान एक दिवस वाळलेली असावी आणि काच थेट प्रिंटला टेकू नये. मध्ये पुठ्ठ्याची चौकट असली की हवा खेळती राहते.

लॅमिनेशन आणि माउंटिंग : एक बाजू की दोन

लॅमिनेशनच्या बाबतीत आपली कसोटी चोख लागू पडते. फक्त वरच्या बाजूला फिल्म लावली की ती बाजू बंद होते, मागची श्वास घेत राहते. पावसाळ्यात मागची बाजू ओल घेऊन पसरते, उन्हाळ्यात सोडून आखडते, आणि दर ऋतूला प्रिंट वेगळ्या दिशेने वाकते. पाउच लॅमिनेशन दोन्ही बाजूंनी होतं, म्हणून ते सपाट राहतं. ए-४ ला २० ते ४० रुपये पडतात. मोठ्या पोस्टरला एकाच बाजूने फिल्म लावायचा भाव सांगितला तर दोन्ही बाजूंचा भाव विचारा, किंवा पोस्टर सनबोर्डवर चिकटवून घ्या. छपाईसकट सनबोर्डचा दर चौरस फुटाला ६० ते १२० रुपयांच्या दरम्यान असतो. दोन बाय तीन फुटांच्या फलकाला साडेतीनशे ते सातशे रुपये झाले.

ताज्या प्रिंटचं लॅमिनेशन कधीही करू नका. आत अडकलेली ओल उष्णतेने फुगे आणते, आणि ते फुगे नंतर निघत नाहीत. घाई असेल तर लॅमिनेशन उद्यावर ढकला, किंवा प्रिंट लेझरवर काढा.

प्रमाणपत्रं आणि घरगुती समारंभाच्या पत्रिकांसाठी बरेच जण ‘आर्ट कार्ड’ आणतात. ते ऑफसेट आणि लेझरसाठी ठीक आहे. इंकजेटची डाय (विरघळलेल्या रंगाची) शाई त्याच्या गुळगुळीत थरावर वाळत नाही, बोटाला लागते. इंकजेटवर छापायचं असेल तर कार्ड ‘इंकजेट कोटेड’ आणि शक्यतो दोन्ही बाजूंनी कोट केलेलं मागा. २२० जीएसएमचं मॅट, दोन्ही बाजूंना चालणारं पान ६ ते १० रुपयांना मिळतं. एकाच बाजूला मजकूर असला तरी दोन्ही बाजूंचा कोट प्रिंट सपाट ठेवायला मदत करतो.

सब्लिमेशनचं जॉबवर्क : इथे वळलेला कागद हेड खातो

गणवेशाच्या व्यवसायासाठी सोलापूरचं नाव देशभर आहे. खेळाच्या जर्सी, शाळांचे टी-शर्ट, मग, मोबाइलची कव्हरं यांवर सब्लिमेशनने छापून देणारे छोटे व्यावसायिकही आता गल्लोगल्ली दिसतात. सब्लिमेशनची शाईसुद्धा पाण्याचीच. आधी ती खास कागदावर छापायची, मग तो कागद १९०-२०० अंश सेल्सिअसला पाऊण ते एक मिनिट कापडावर दाबायचा, म्हणजे रंगाची वाफ होऊन पॉलिस्टरमध्ये शिरते. सुतात हा रंग धरत नाही. त्यामुळे सुती सोलापुरी चादरीवर किंवा टर्किश टॉवेलवर नाव हवं असलेल्या गिऱ्हाइकाला भरतकामाकडेच पाठवावं.

या कामात वळलेला कागद नुसता वाईट दिसत नाही, नुकसानही करतो. उचललेली कड प्रिंटरच्या हेडला घासते. रेघा पडतात, नोझल बंद होतात आणि शेवटी हेडच जातं. घरगुती टाकीवाला प्रिंटर दहा ते सोळा हजारांना येतो, आणि हेड बदलायचा खर्च त्यातल्या बऱ्याच मोठ्या भागाएवढा होतो. म्हणून कागदावर वाचवलेले पैसे इथे सर्वांत महागात पडतात.

सब्लिमेशनच्या ए-४ कागदाचं शंभराचं पुडकं २०० ते ४५० रुपयांना मिळतं. पानाला दोन ते साडेचार रुपये. पातळ कागद रोलच्या मोठ्या मशीनवर चालतो, कारण तिथे कागद ताणून धरलेला असतो आणि खालून हवेने ओढलेला असतो. सुट्या पानांना असा आधार नाही. गडद जर्सीसाठी १०० जीएसएम किंवा त्याहून जाड पानच घ्या. शिवाय :

- पुडकं फोडल्यावर लागतील तेवढीच पानं ट्रेमध्ये घाला, उरलेली पुन्हा बंद करा.
- ट्रेमध्ये घालण्याआधी पानं टेबलावर ठेवून कडा पाहा. उचललेलं पान बाजूला काढा.
- प्रिंटरमध्ये ‘जाड कागद’ असा पर्याय असेल तर तो निवडा. त्याने हेड आणि कागद यांत थोडं जास्त अंतर राहतं.
- आरआयपी (किती शाई पडायची ते ठरवणारं) सॉफ्टवेअर वापरत असाल तर एकूण शाईची मर्यादा थोडी खाली आणून एक नमुना दाबून पाहा. कापडावरचा रंग तितकाच गडद येत असेल तर ती वरची शाई निव्वळ वाया जात होती.
- छापलेली पानं काही मिनिटं वाळू द्या, मगच दाबा. दुसऱ्या दिवशी दाबायची असतील तर सपाट थप्पीत ठेवा.

शाई : स्वस्त बाटली घ्यावी का?

कंपनीची ६५-७० मिलिलिटरची बाटली साधारण ३०० ते ४५० रुपयांना, ‘कॉम्पॅटिबल’ शाई १०० ते १५० रुपयांना मिळते. पाण्याच्या शाईत ग्लिसरीन, ग्लायकॉल यांसारखे ओल धरून ठेवणारे घटक असतात. नोझल वाळू नये हे त्यांचं पहिलं काम. पण ते कागदातही मागे राहतात आणि तंतूंना एकदम आखडू देत नाहीत. काही शाईंमध्ये खास वळण रोखण्यासाठी साखरेच्या कुळातली अल्कोहोलं घातलेली असतात. बाटलीवर मात्र यातलं बहुधा काहीच छापलेलं नसतं.

तेव्हा लेबल वाचत बसण्यापेक्षा चाचणी करा. ओळखीच्या दोन दुकानांत, एकात कंपनीची आणि दुसऱ्यात कॉम्पॅटिबल शाई असेल अशा, एकाच पुडक्यातल्या दोन पानांवर तेच गडद चित्र त्याच सेटिंगने काढा, दोन्ही पानं एका टेबलावर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी कोपरे किती उचललेत ते पट्टीने मोजा. खर्च दोन पानांचा. फरक मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा असेल तर स्वस्त शाई घेण्यात वळणाच्या बाजूने तरी काही गैर नाही. रंग किती टिकतो, हा वेगळा प्रश्न.

सोलापूरची हवा आणि कागदाची साठवण

कागदाच्या चाचण्यांसाठी आयएसओ १८७ या प्रमाणात २३ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता ठरवलेली आहे. सोलापुरात ती क्वचितच मिळते. मार्च-एप्रिलच्या दुपारी आर्द्रता पंचवीस टक्क्यांच्या आसपास उतरते. पावसाळ्यातल्या सकाळी ती ऐंशीच्या घरात जाते, आणि इथला सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो. उघडं रीम उन्हाळ्यात कडांनी ओल सोडतं आणि कडा आखडतात; पावसाळ्यात कडांनी ओल घेतं आणि कडा लहरी होतात. दोन्ही वेळा कागद प्रिंटरमध्ये जाण्याआधीच बिघडलेला असतो.

आपल्याकडे त्यात भर घालतो कूलर. उन्हाळ्यात घरोघरी आणि दुकानोदुकानी कूलर असतो, आणि तो हवा थंड करताना ओलही सोडतो. कूलरचा झोत थेट प्रिंटरच्या ट्रेवर येत असेल तर कूलर चालू असताना कागद ओला, बंद झाल्यावर कोरडा, असं दिवसभर चालतं. कूलरची दिशा बदलायला काही लागत नाही. आधी ते करा.

खर्चाचं साहित्य एवढंच :

- आर्द्रतामापक : डिजिटल, २०० ते ५०० रुपये. चाळीस ते साठ टक्क्यांच्या दरम्यान आकडा असेल तर छपाईला हवा चांगली.
- घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा : ३०० ते ८०० रुपये. उघडलेलं रीम आणि फोटो पेपर यात आडवे ठेवा, उभे नाही.
- चिकटपट्टी : २० ते ४० रुपये. रीमच्या वेष्टणाला ओल रोखणारा थर असतो. ते फाडून फेकू नका, वापर झाला की पट्टीने बंद करा.
- सिलिका जेल : किलोला २०० ते ४०० रुपये. हे फक्त पावसाळ्यासाठी. बरेच जण बाराही महिने डब्यात ठेवतात. एप्रिलच्या हवेत कागद आधीच तहानलेला असतो, त्यात सिलिका जेल घातलं की तो आणखी आखडतो.

आठ-दहा हजारांचं डीह्युमिडिफायर यंत्र समुद्रकाठच्या गावांना उपयोगी असेल. सोलापुरातल्या छोट्या दुकानाला त्याची गरज नाही.

कागद फरशीवर ठेवू नका, भिंतीला टेकवू नका. नवं रीम आणलं की बंद वेष्टणातच एक दिवस खोलीत राहू द्या, मग फोडा.

वळलेली प्रिंट सरळ करायची तर

साध्या कागदाची प्रिंट असेल तर ती उलट्या बाजूने जाड नळीभोवती अलगद गुंडाळा, मध्ये कोरा कागद घ्या, आणि दहा-पंधरा मिनिटांनी सोडा. मग दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून जड पुस्तकांखाली एक-दोन दिवस दाबा. हवा फार कोरडी असेल तर दाबण्याआधी प्रिंट थोडा वेळ दमट खोलीत टांगा. तिला पाणी लागू देऊ नका.

आरसी फोटोवर इस्त्री फिरवू नका. त्यातलं पॉलिथिन उष्णतेने मऊ होऊन चिकटतं आणि फोटो कायमचा जातो. ‘प्रिंट सरळ करून देतो’ म्हणून कोणी पैसे मागितले तर आधी नवीन प्रिंटचा भाव विचारा. दहा रुपयांच्या पानाला वीस रुपयांची दुरुस्ती परवडत नाही. दुरुस्तीवर खर्च करावा तो फक्त पुन्हा न मिळणाऱ्या फोटोवर.

दुकानात विचारायचे प्रश्न आणि रीमचं वजन

नवी पेठेत घ्या की जुळे सोलापुरात घराजवळ, खरेदीआधी एवढं विचारा : कागद एका बाजूने कोट केलेला आहे की दोन्ही? मागची बाजू आरसी आहे का? हा कागद डाय शाईला चालतो की पिगमेंट (रंगकणांच्या) शाईला? पुडकं आधी फोडलेलं नाही ना?

जीएसएम तपासायला वजनकाटा पुरतो. ए-४ च्या ५०० पानांचं वजन ७० जीएसएमला सुमारे २.१८ किलो, ७५ ला २.३४, ८० ला २.५ आणि १०० ला ३.१२ किलो भरायला हवं. वेष्टणाचे काही ग्रॅम वेगळे. ७५ म्हणून घेतलेलं रीम सव्वादोन किलोच्या खाली उतरलं तर कागद हलका आहे किंवा पानं कमी आहेत. मोजून घ्या.

पुडक्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, पानांची संख्या, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठीचा संपर्क छापलेला असणं बंधनकारक आहे. बिल जरूर घ्या. तक्रार आधी दुकानदाराकडे करा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर. तरीही दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. व्यापारासाठी केलेल्या खरेदीला ग्राहक कायद्याचं संरक्षण मिळत नाही. मात्र स्वतःच्या पोटापाण्याच्या स्वयंरोजगारासाठी घेतलेला माल त्याला अपवाद आहे. सब्लिमेशनचं छोटं काम घरून चालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पाचशे रुपये हातात असतील तर

विद्यार्थ्याने त्यातले वीस रुपये रंगीत पानांच्या जाड कागदावर घालावेत आणि बाकीचे खिशात ठेवावेत. घरी फोटो छापणाऱ्याने वीस पानांचं आरसी पुडकं घ्यावं, उपकरणांच्या नादी लागू नये. डीटीपीवाल्याने आधी आर्द्रतामापक घ्यावा, कारण हवा कशी आहे हे कळल्याशिवाय कागद, शाई की प्रिंटर, कोणाकडे बोट दाखवायचं हेच ठरत नाही. मापक स्वस्तातला घेतला तर उरलेल्या पैशांत झाकणाचा लहान डबा येतो. सब्लिमेशनवाल्याने शंभर जाड पानांचं पुडकं घ्यावं आणि पुढच्या प्रत्येक खरेदीत पानामागे रुपया-दोन रुपये जास्त मोजायची तयारी ठेवावी. एकाच बाजूच्या लॅमिनेशनवर, बारमाही सिलिका जेलवर आणि नुसता जीएसएमचा आकडा मोठा असलेल्या एकाच बाजूच्या ग्लॉसीवर मात्र कोणीच पैसे घालू नयेत. या तिन्हींनी कागदाच्या दोन बाजूंमधला फरक कमी होत नाही, उलट वाढतो.